कायदा हात पाहतो, लक्ष कोण पाहणार?

सकाळी साडेनऊच्या गर्दीत पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा कुठल्याही शहराच्या चौकात उभं राहिलं, की एक दुचाकीस्वार हमखास दिसतो. मान खांद्याकडे कललेली, मोबाइल कान आणि हेल्मेट यांच्यामध्ये खुपसलेला, दोन्ही हात हँडलवर. सिग्नल सुटतो, गाडी निघते, बोलणं चालूच राहतं. वाहतूक हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली, तर उत्तर तयार असतं : "साहेब, हात मोकळे आहेत की माझे!"

या उत्तरात कायद्याचा एक खरा पेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली जी भर पडली, तिच्यात वाहन चालवताना हातात धरून वापरायचं संपर्काचं उपकरण वापरणं हा गुन्हा ठरवला गेला. मोबाइल हे असं उपकरण आहे, मग तो हातात असो की हेल्मेटमध्ये, असं पोलीस म्हणतील. हातात धरलाच नाही तर गुन्हा कसला, असं वकील म्हणेल. पण चौकातून रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलाच्या दृष्टीने या वादाला काही अर्थ नाही. समोरून येणाऱ्या माणसाचं लक्ष रस्त्यावर आहे की नाही, एवढाच त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

जगभरच्या कायद्यांनी या विषयाला हात घातला तो चालकाच्या हातापासून, कारण हात दिसतो. धोका मात्र आधी डोळ्यांत आणि मग मनात असतो. कायदा तिथवर पोचायला कसा धडपडला, कुठे पोचला आणि कुठे पोचूच शकत नाही, हे या प्रकरणात पाहू.

फोन येण्याआधीचा कायदा

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो लागू झाला १ जुलै १९८९ रोजी. भारतातला पहिला मोबाइल कॉल त्यानंतर सहा वर्षांनी झाला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना दिल्लीला फोन लावला. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोबाइल असण्याचं कारणच नव्हतं.

त्यामुळे सुरुवातीची अनेक वर्षं पोलिसांच्या हाती होतं ते कलम १८४ चं जुनं, सर्वसाधारण रूप. लोकांना धोका होईल अशा वेगाने किंवा अशा रीतीने गाडी चालवणं हा गुन्हा, असं ते कलम सांगत होतं. फोनचा उल्लेख नव्हता. फोनवर बोलणारा माणूस धोकादायक गाडी चालवत होता, हे प्रत्येक वेळी वेगळं दाखवावं लागे. जोडीला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला २१ वा नियम होता. कोणत्या कृत्यांमुळे चालक जनतेला उपद्रव किंवा धोका ठरतो आणि त्याचं लायसन्स काढून घेता येतं, याची यादी त्या नियमात आहे. वाहन चालवताना मोबाइलचा वापर हे कृत्य त्या यादीत आलं. ही तरतूद हाताचा उल्लेख करत नाही, म्हणून चौकातल्या त्या हेल्मेटवाल्यालाही ती लागू पडते. पण ती परिवहन अधिकाऱ्याच्या हातातली गोष्ट. रस्त्यावरच्या हवालदाराला तिचा तत्काळ उपयोग फारसा नाही.

ही उणीव किती मोठी होती, हे मे २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एका निकालाने दाखवून दिलं. केरळात पोलीस गाडीवर फोनवर बोलणाऱ्यांवर केरळ पोलीस कायद्याचं कलम ११८(ई) लावत होते. जाणूनबुजून लोकांना धोका होईल असं कृत्य करणाऱ्याला त्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. खंडपीठाने विचारलं, की गाडी चालवताना फोनवर बोलू नये असं विधिमंडळाने लिहिलंय कुठे? नुसतं बोलणं म्हणजे आपोआप सार्वजनिक सुरक्षेला धोका, असं गृहीत धरता येणार नाही. बंदी हवी असेल तर ती कायदेमंडळाने स्पष्ट शब्दांत लिहावी.

अनेकांना हा निकाल धक्कादायक वाटला. पण न्यायालयाचं काम लिहिलेला कायदा वाचण्याचं असतं, आणि लिहिलेल्या कायद्यात भोक होतं. एखाद्याला तुरुंगात टाकायचं तर कोणत्या कृत्यासाठी टाकतोय हे आधी लिहून ठेवलेलं असलं पाहिजे, हा नागरिकाच्या संरक्षणाचा नियम आहे. तो फोनवर बोलणाऱ्यालाही लागू होतो.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्येच राज्यांना कळवलं होतं, की भरधाव वेग, सिग्नल तोडणं, दारू पिऊन गाडी चालवणं यांच्याबरोबर गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याचंही लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. मोबाइलला दारूच्या रांगेत बसवणारा हा निर्देश महत्त्वाचा होता.

शेवटी १ सप्टेंबर २०१९ पासून सुधारित कायदा लागू झाला आणि कलम १८४ मध्ये फोन आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं कोर्टापर्यंत जात नाहीत. जागच्या जागी तडजोड शुल्क भरून मिटतात, आणि ते शुल्क ठरवण्याचा अधिकार राज्याचा. महाराष्ट्राने नवे वाढीव दर लगेच स्वीकारले नाहीत. ते डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले.

वर्षभराने, १ ऑक्टोबर २०२० पासून, नियमांत एक सवलतही आली. हातातलं उपकरण गाडी चालवताना फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल, आणि तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने. ज्या देशात रिक्षाचालकापासून जेवणाचे डबे पोचवणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांची भाकरी नकाशावर अवलंबून आहे, तिथे ही सवलत लागणारच होती. पण तिच्यासोबत 'एकाग्रता' हा शब्द कायद्यात आला, आणि एकाग्रता मोजणारं यंत्र कुठल्याच पोलीस चौकीत नसतं.

धोका मोजला कसा?

एकाग्रता किती जाते, हे संशोधकांनी मात्र मोजलं आहे. आणि ज्या पद्धतीने मोजलं, ती समजून घेण्यासारखी आहे.

फोनवर बोलणाऱ्यांचे अपघात जास्त होतात, एवढं म्हणून भागत नाही. कदाचित गाडीवर फोन घेणारी माणसं मुळातच बेफिकीर असतील, फोन नसता तरी धडकली असती. ही शंका दूर करण्यासाठी कॅनडातल्या टोरांटोमध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी एक युक्ती केली. त्यांनी प्रत्येक चालकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली. टक्कर झाली त्याच्या ऐन आधीच्या मिनिटांत त्याचा फोन चालू होता का? आणि आदल्या दिवशी त्याच सुमारास? माणूस तोच, स्वभाव तोच, फरक फक्त फोनचा. फोनच्या बिलांवरून त्यांनी ६९९ चालकांचे १४ महिन्यांतले २६,७९८ कॉल तपासले. १९९७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष छापून आला. फोनवर असताना टक्कर होण्याचा धोका चौपटीहून थोडा अधिक होता. आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्याचा काही फायदा झालेला दिसला नाही.

२००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये, अपघातात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांवर याच पद्धतीने अभ्यास झाला. तिथेही धोका चौपट निघाला, आणि तिथेही हँड्सफ्रीने तो कमी झाला नव्हता.

असं का होतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. गाडी चालवल्याचा आभास देणाऱ्या यंत्रात त्यांनी लोकांना बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. फोनवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर नीट गेली होती. पण नंतर विचारलं, तर जे समोर होतं ते त्यांना आठवेना. डोळ्यांनी पाहिलं, मनाने टिपलं नाही. पुढच्या गाडीचा ब्रेकचा लाल दिवाही असाच दिसूनही उशिरा कळतो.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोललं तर? याच गटाने २००८ मध्ये तेही तपासलं. शेजारच्या माणसाला रस्ता दिसत असतो. वळण आलं, गर्दी वाढली, की तो आपोआप थांबतो, किंवा "अरे, समोर बघ" म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. तुम्ही घाटातल्या वळणावर असता आणि तो लग्नाच्या पत्रिकेतल्या नावांवर चर्चा करत असतो.

बोलण्यापेक्षाही वाईट आहे ते वाचणं आणि टाइप करणं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक परिवहन संस्थेने खऱ्या गाड्यांमध्ये कॅमेरे बसवून चालकांचं वागणं पाहिलं. ट्रकचालक मेसेज टाइप करत असताना गंभीर प्रसंग ओढवण्याची शक्यता २३ पट होती, आणि सहा सेकंदांच्या त्या टप्प्यात त्यांचे डोळे सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावरून हटलेले होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने ४.६ सेकंदांत गाडी सुमारे १२८ मीटर जाते. एवढं अंतर डोळे मिटून कापायला कोणी तयार होणार नाही. पण "दोन मिनिटांत पोचतो" एवढं टाइप करताना माणूस नेमकं तेच करतो.

एक व्हिडिओ आणि कायद्याची पळवाट

ब्रिटनने १ डिसेंबर २००३ रोजी हातातला फोन गाडीवर वापरायला बंदी केली. सुरुवातीचा दंड होता ३० पौंड. लोकांनी मनावर घेतलं नाही, तसा तो वाढत गेला. २००७ मध्ये ६० पौंड आणि लायसन्सवर दंडाचे तीन गुण, २०१३ मध्ये १०० पौंड, आणि १ मार्च २०१७ पासून २०० पौंड आणि सहा गुण. लायसन्स मिळून दोन वर्षं झाली नसतील तर सहा गुणांवर ते रद्दच होतं. नव्या चालकाला एका मेसेजपायी पुन्हा परीक्षेला बसावं लागतं.

दंड वाढला तरी कायद्याची व्याख्या २००३ चीच होती. त्या काळी फोन म्हणजे बोलणं आणि मेसेज. कायद्यात बंदी होती ती दुसऱ्याशी संवाद साधण्यासाठी केलेल्या वापरावर. ऑगस्ट २०१७ मध्ये लंडनच्या वायव्य भागात एक चालक एका गंभीर अपघाताच्या जागेजवळून गाडी चालवत गेला, आणि जाता जाता त्याने फोन हातात धरून अपघाताचं चित्रीकरण केलं. पोलिसांनी पकडलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. चित्रीकरण म्हणजे संवाद नव्हे, म्हणून या तरतुदीखाली गुन्हा नाही. त्याचबरोबर न्यायालयाने बजावलं, की याचा अर्थ असं वागायला मुभा आहे असा कोणी घेऊ नये, धोकादायक किंवा निष्काळजी चालवण्याची दुसरी कलमं आहेतच. पण व्याख्येतली पळवाट आता सगळ्या देशाला कळली होती.

ती बुजवायला २५ मार्च २०२२ उजाडावा लागला. नव्या नियमात हातात धरलेल्या उपकरणाचा जवळजवळ कुठलाही वापर आला. फोटो काढणं, गाण्यांची यादी खाली-वर करणं, खेळ खेळणं, स्क्रीन उघडून वेळ पाहणं. इंटरनेट बंद असलं तरी, आणि सिग्नलला उभे असलात तरी. सवलती मोजक्या ठेवल्या. आणीबाणीत मदतीसाठीचा कॉल, आणि खिडकीतून खाणं घेताना थांबलेल्या गाडीतून फोनने पैसे देणं.

कॅलिफोर्नियाची गोष्ट याच वळणाची आहे. तिथे जुलै २००८ मध्ये हातात फोन धरून बोलायला बंदी आली. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, की हा कायदा बोलण्या-ऐकण्यापुरता आहे, फोन हातात धरून नकाशा पाहणाऱ्याला तो लागत नाही. मग १ जानेवारी २०१७ पासून कायदा बदलून फोन हातात धरून वापरण्यालाच बंदी केली. २०२५ मध्ये नकाशाचाच प्रश्न पुन्हा न्यायालयासमोर आला, आणि या वेळी हातातल्या फोनवर नकाशा पाहणंही गुन्हा ठरलं.

या तिन्ही ठिकाणी, केरळ, लंडन आणि कॅलिफोर्नियात, एकच गोष्ट घडली. कायदा एका विशिष्ट कृतीचं वर्णन करतो आणि फोन दोन वर्षांत नवी कृती शिकतो. म्हणून जिथे कायदे नव्याने लिहिले गेले, तिथे फोनवर काय करत होता हे विचारणं सोडून फोन हातात होता का, एवढंच विचारायला सुरुवात झाली. सिद्ध करायला सोपं आणि वाद घालायला अवघड, म्हणून हे शहाणपणाचं पाऊल होतं. पण त्यामुळे कायद्याची नजर हातावर आणखी पक्की खिळली.

हँड्सफ्रीचा प्रश्न

हात मोकळे ठेवून बोलायला जवळजवळ सगळ्या देशांत मुभा आहे. टोरांटो, पर्थ आणि युटाचे निष्कर्ष पाहता ही मुभा विज्ञानाशी जुळत नाही. दुसऱ्या बाजूला, खऱ्या गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासांत सर्वांत मोठा धोका निघाला तो नंबर लावणं, वाचणं, टाइप करणं यांचा, म्हणजे डोळे रस्त्यावरून हटवणाऱ्या कामांचा. नुसत्या हँड्सफ्री बोलण्याचा धोका त्यांत बराच कमी दिसला. संशोधकांत हा मतभेद अजून आहे, आणि तो प्रामाणिक आहे. डोळे हटणं सर्वांत घातक, यावर मात्र कोणाचंच दुमत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने मात्र ठाम भूमिका घेतली. ऑगस्ट २०१० मध्ये मिसुरी राज्यात ग्रे समिट इथे एक पिकअप, एक ट्रक आणि दोन शाळाबस एकमेकांवर आदळल्या. दोघांचा जीव गेला, ३८ जण जखमी झाले. पिकअप चालवणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणाच्या फोनवर अपघाताआधीच्या ११ मिनिटांत ११ मेसेजची ये-जा झालेली होती. डिसेंबर २०११ मध्ये मंडळाने शिफारस केली, की चालकाने सोबत बाळगलेल्या उपकरणांचा वापर संपूर्ण बंद करा, हँड्सफ्रीसुद्धा. हे मंडळ फक्त शिफारस करू शकतं. एकाही राज्याने सर्व चालकांसाठी ती पूर्णपणे स्वीकारली नाही. ब्रिटनमध्येही २०१९ साली संसदेच्या परिवहन समितीने हँड्सफ्रीवर बंदीचा विचार करा असं सुचवलं, सरकारने नकार दिला.

हाताला बंदी करून अपघात कमी झाले का? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पाठबळावर चालणाऱ्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटने न्यूयॉर्क, कनेटिकट, कॅलिफोर्निया आणि राजधानी वॉशिंग्टन इथल्या बंदीआधीच्या आणि नंतरच्या विमा दाव्यांची तुलना केली. २०१० मध्ये आलेला निष्कर्ष निराश करणारा होता : दाव्यांच्या आकड्यांत बंदीमुळे घट दिसली नाही. हातात फोन धरणारे मात्र कमी झाले होते. अनेक जण हँड्सफ्रीकडे वळले असावेत आणि धोका तसाच राहिला असावा, असा एक अर्थ त्यातून निघतो. म्हणून कायदा फुकट गेला असं म्हणणं घाईचं होईल. हातातला फोन सुटला की निदान टाइप करणं तरी सुटतं. पण फक्त हातावर विसंबून राहिलं तर काय होतं, याचा हा आकड्यांतला पुरावा आहे.

पकडायचं कसं?

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या तोंडाला वास येतो, यंत्रात फुंकायला लावता येतं. फोनला वास नाही. अपघातानंतर तो पुन्हा खिशात जातो किंवा सीटखाली पडतो. जखमी किंवा मृत चालक काही सांगू शकत नाही, वाचलेला सांगत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांकडे हे लक्षात ठेवून पाहायला हवं. २०२१ मध्ये देशात मोबाइलमुळे झालेले अपघात नोंदले गेले १,९९७, त्यांत मृत्यू १,०४०. २०२२ मध्ये मृत्यूंची नोंद ३,३९५ वर गेली. त्या वर्षी देशात रस्त्यांवर एकूण १,६८,४९१ माणसं मेली, म्हणजे मोबाइलचा वाटा सुमारे दोन टक्के. एका वर्षात आकडा तिपटीने चढतो, तेव्हा वागणं बदललंय की नोंद ठेवण्याची पद्धत, हा प्रश्न विचारावाच लागतो. अपघाताचं कारण लिहिणारा पोलीस घटनेनंतर पोचतो. वेगाच्या खुणा डांबरावर उमटतात, फोनच्या उमटत नाहीत. जे नोंदलं जातं ते हिमनगाचं टोक आहे असं मानायला पुरेसं कारण आहे.

चालू गाडीतला फोन टिपण्याचं तंत्र ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने आधी मोठ्या प्रमाणावर वापरात आणलं. १ डिसेंबर २०१९ पासून तिथे रस्त्याच्या वर बसवलेले कॅमेरे काचेतून चालकाचे फोटो घेऊ लागले. संगणक संशयित फोटो वेगळे काढतो, मग माणूस ते तपासतो, आणि मगच दंडाची नोटीस जाते. पहिले तीन महिने फक्त ताकीद होती. दंड १ मार्च २०२० पासून सुरू झाला. गुन्हा न दिसलेले फोटो पुसून टाकले जातात, कारण लोकांच्या गाडीच्या आत डोकावणारा कॅमेरा हाही काळजीचा विषय आहे.

भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७-अ हा नियम आला, आणि कॅमेऱ्यांवरून चलान पाठवण्याच्या गुन्ह्यांत फोनचा समावेश झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा वेग, सीटबेल्ट आणि फोन यांवर नजर ठेवते. पण एक्सप्रेस वे म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे. तालुक्याच्या गावातल्या बाजारपेठेतून, एसटी स्टँडच्या वळणावरून, उसाच्या ट्रॉलीच्या मागून जाणाऱ्या दुचाकीवर कॅमेरा नाही. आणि ई-चलान मोबाइलवर येऊन पडलं तरी ते भरायला पुढच्या लोक अदालतीची आणि तिथल्या सवलतीची वाट पाहणारे थोडे नाहीत. दंडाचा धाक त्याच्या रकमेपेक्षा तो नक्की आणि लगेच होण्यात असतो.

फोनच्या दुसऱ्या टोकाला

इथवर आपण फक्त गाडी चालवणाऱ्याबद्दल बोललो. पण प्रत्येक कॉलला दोन टोकं असतात.

सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात अठरा वर्षांच्या एका तरुणाची पिकअप मधली रेषा ओलांडून समोरच्या मोटारसायकलवर गेली. मोटारसायकलवर नवरा-बायको होते. दोघांनीही एकेक पाय गमावला. तरुण त्या वेळी एका मैत्रिणीशी मेसेजवर बोलत होता. जखमी जोडप्याने तिच्यावरही दावा लावला. ऑगस्ट २०१३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की या प्रकरणात तो गाडी चालवताना मेसेज वाचेल हे तिला माहीत होतं असा पुरावा नाही, म्हणून ती जबाबदार नाही. पण तत्त्व म्हणून न्यायालयाने हेही नोंदवलं : समोरचा माणूस गाडी चालवतोय आणि मेसेज आला की तो बघणारच, हे ठाऊक असून जो मेसेज पाठवतो, त्याच्यावरही जबाबदारी येऊ शकते.

कामावर ठेवणाऱ्यांच्या बाबतीत तर हे तत्त्व कायद्यातच उतरलं आहे. अमेरिकेत जानेवारी २०१२ पासून मालवाहू ट्रक आणि बसच्या चालकांना हातातला फोन वापरायला केंद्रीय नियमाने बंदी आली. त्यात चालकाला २,७५० डॉलरपर्यंत दंड होता, आणि चालकाला फोन वापरू देणाऱ्या किंवा वापरायला लावणाऱ्या कंपनीला ११,००० डॉलरपर्यंत. त्याच वर्षी टेक्सासमध्ये एका ज्यूरीने एका मोठ्या कंपनीला अपघातग्रस्त महिलेला दोन कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितलं. कंपनीची कर्मचारी हँड्सफ्रीवर बोलत होती, ते कायदेशीर होतं, कंपनीच्या धोरणातही बसत होतं. धोका माहीत असून धोरण तसंच ठेवलं, हा कंपनीवरचा आक्षेप होता.

महाराष्ट्रातही याची एक चुणूक दिसली. मार्च २०२५ मध्ये मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या ई-शिवनेरीचा चालक चालत्या बसमध्ये मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होता. एका प्रवाशाने व्हिडिओ काढून परिवहनमंत्र्यांपर्यंत पोचवला. चालक कंत्राटदार कंपनीचा होता. त्याला कामावरून काढलं, आणि कंपनीलाही पाच हजार रुपये दंड झाला. रक्कम लहान आहे, पण जबाबदारीचं बोट चालकाच्या पलीकडे वळलं, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे या बोटाला आणखी लांब जायला हवं. डबा, किराणा, औषधं पोचवणाऱ्या तरुणाचा फोन हेच त्याचं कामाचं ठिकाण आहे. नवी ऑर्डर स्क्रीनवर उमटते ती तो गाडीवर असतानाच, आणि ती काही सेकंदांत स्वीकारावी लागते. ग्राहकाचा "कुठे आहात?" हा फोनही गाडीवरच येतो. अशा वेळी त्याच्या हातातल्या फोनचं चलान फाडणं कायद्याला धरून आहे, पण फोन वाजवणारी व्यवस्था मात्र नामानिराळी राहते. गाडी हलत असताना नवी ऑर्डर दाखवूच नये, असं यंत्रणेला सांगणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, कारण गाडी हलते आहे हे त्या यंत्रणेला क्षणोक्षणी कळत असतं.

पुढे काय?

कायद्यात तीन गोष्टी आल्या तर पुष्कळ फरक पडेल. पहिली, प्रत्येक प्राणघातक अपघातात चालकाच्या फोनची तपासणी सक्तीची व्हावी. कॉलच्या नोंदी तर हव्यातच, पण व्हॉट्सॲपच्या जमान्यात त्या क्षणी स्क्रीन चालू होती का, हेही पाहायला हवं. त्याशिवाय आकडे खरे होणार नाहीत, आणि आकडे खरे नसतील तर उपाय आंधळे राहतील. दुसरी, कलम १८४ मधली भाषा फोन कुठे धरलाय यावर न अडता हेल्मेटमध्ये खुपसलेल्या फोनलाही निःसंदिग्धपणे कवेत घेणारी हवी. आणि तिसरी, चालकाला गाडीवर असताना फोन घ्यायला भाग पाडणाऱ्या मालकावर स्वतंत्र जबाबदारी हवी.

चौथी गोष्ट कायद्यात बसत नाही. चालू गाडीवर येणारे बहुतेक फोन पोलीस करत नाहीत, कंपन्याही करत नाहीत. ते आपण करतो. मुलगा निघाला की "पोचलास का?" विचारतो, नवऱ्याला येताना कोथिंबीर आणायला सांगतो, हाताखालच्या माणसाला "एक मिनिट बोलायचं होतं" म्हणतो. फोन नाही उचलला तर रागावतो आणि पुन्हा लावतो. समोरच्याने न उचलणं हा अपमान वाटतो, म्हणून तो बिचारा ट्रकच्या शेजारून जाताना खिशात हात घालतो. हे बदलायला कुठल्या दुरुस्तीची, कुठल्या राजपत्राची वाट पाहायला नको. फोन उचलला गेला की पहिला प्रश्न "गाडीवर आहेस का?" हा असावा. उत्तर "हो" आलं, तर पुढचं काहीही न सांगता फोन ठेवावा, आणि त्याने नंतर स्वतःहून फोन केला की मगच बोलावं.